सुतावरून उतरलेलं दूध

आत्याबाई, तुमच्या नातीच्या लेकीनं काल पोराला पोटभर पाजलं, आणि ही बातमी सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं माणूसच सुचेना. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुमच्या मागं तुमचा लेक, माझा धनी, तोही गेला. पण दूध आलं हे ऐकल्यावर मांडीवर थाप मारावी ती तुम्हीच, म्हणून तुम्हालाच सांगते. आलं, आत्याबाई. भरपूर आलं. पोराच्या हनुवटीवरून ओघळून पोरीच्या चोळीवर सांडलं, आणि माझी लेक, जी तुम्हाला मांडीएवढीच आठवत असेल आणि आता स्वतः आजी झालीय, ती दाराआड उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. तुम्ही माझ्याबद्दल म्हणायचात, हिला उखाणा घ्यायला सांगितला तर ही आधी नाव घेऊन मोकळी होईल आणि मग यमक शोधत बसेल. तसंच झालंय बघा. शेवट आधी सांगून टाकला.

निपाणीत आहे मी, लेकीच्या घरी. मागंच तंबाखूची वखार, त्यामुळं इथं भाकरीलासुद्धा तंबाखूचा वास येतो आणि मी उठल्यापासून शिंकते. नातीचं पहिलं बाळंतपण. मुलगा झाला, पेढे वाटले, सगळे खूश. मग सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हराकडून शहापूरला निरोप आला की दूध येत नाही, पोर चमच्यानं पितंय, आणि बाळंतीण भिंतीकडं तोंड करून पडून आहे, तुम्ही या. मी लुगडी भरायच्या आधी मागापाशी गेले आणि मऊ सुताची एक लड पिशवीत टाकली, खळ न लावलेली. सुनेनं विचारलं, निपाणीला सूत कशाला? म्हटलं, तुला काय करायचंय, तू भाकऱ्या बांध. मोटार हलली, आणि वाटभर मी निपाणीला जात नव्हतेच. मी पिरनवाडीच्या माळावर जात होते, तुमच्या मागनं, पोटाशी पोर धरून.

ते पलेगाचं वर्ष. आपल्या घरात उंदीर पडला तो मागाच्या खड्ड्यातच, तुमच्या लेकाच्या पायाशी. तुम्ही वाकून बघितलात आणि अर्धं विणलेलं लुगडं मागावर तसंच सोडून उठलात. गल्लीच्या गल्ली रिकामी होत होती. लोक घराची कौलं काढून आत ऊन सोडत होते आणि बोचकी बांधून रानाकडं निघत होते. सगळ्यांनी भांडी घेतली, अंथरुणं घेतली. तुम्ही त्यावर सुताचं एक गाठोडं घेतलंत. मामंजी हयात असते तर हसले असते, माग इथं आणि सूत तिकडं, काय विणणार बाई तू? पण तुम्हाला सुताशिवाय हात रिकामे वाटायचे. माझा सव्वा महिना पुरा झाला नव्हता. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं, कानात कापूस, आणि कुशीत ही पोरगी. माळावर तट्ट्यांच्या झोपड्यांच्या रांगा लागल्या होत्या. शहापूरचे विणकर, वडगावचे विणकर, बाजारातले दुकानदार, सगळे एका माळावर येऊन पडलेले. मागाचा खटका ऐकल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही ती माणसं दिवसभर पत्ते कुटायची आणि एकमेकांच्या अंगावर जायची. बायकांना मात्र काम होतंच. बायकांना कुठं पलेग सुटी देतो?

मग टोचणीवाले आले. सरकारी डॉक्टर, सोबत दोन शिपाई. कुणी पळालं, कुणी रडलं, शेवटी सगळ्यांनी दंड पुढं केला, मीही केला. त्या दिवशीच माझं अंग तापलं, दंड सुजला. पोर रडायला लागली, मी पदराखाली घेतली, आणि तुम्ही आत आलात. मला तुमचा तो चेहरा अजून दिसतो. रागाचा नव्हता. भ्यालेला होता, आणि तुम्ही भ्यायलात हे मी तोवर कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही पोरीला माझ्या छातीपासून उचललंत. म्हणालात, रोगाचंच विष टोचतात हे, तुझ्या अंगात गेलं म्हणजे दुधात गेलंच. मी म्हटलं, कशावरून? तर तुम्ही म्हणालात, "हंड्यात रंग टाकला की एक तरी धागा कोरा राहतो का गं?" ह्यावर मी काय बोलणार? साऱ्या शहापुरात रंगाचा हंडा तुमच्याइतका कुणाला कळत नव्हता. तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठलात, आत्याबाई, आणि आम्ही सगळ्या तुमच्या मागं चढलो.

सगळ्या म्हणते, कारण बोलणं आपल्या झोपडीत राहिलं नाही. तुमचा शब्द म्हणजे गल्लीत कायदाच. कुणाची सून अडली, कुणाचं पोर दूध टाकतंय, तुम्हाला बोलावणं यायचं. माळावरही तेच. तान्ही पोरं असलेल्या बायका तुम्हाला विचारायला आल्या, तुम्ही त्यांना तेच सांगितलंत, आणि झोपड्या-झोपड्यांतून बायकांनी छात्या आवळून बांधल्या. मी दूध पिळून झाडाच्या मुळाशी ओतायचे. मुंग्या लागतील तिथं ओतू नको, हेही तुम्हीच सांगायचात. पहिल्यांदा छाती दगड झाली, हात लावू देईना. मग दूध कमी कमी होत गेलं आणि एके सकाळी पिळलं तर काहीच आलं नाही. तुम्ही म्हणालात, बरं झालं, विष संपलं. मला मात्र आतून काहीतरी उपटून नेल्यासारखं वाटलं. पोरीला गाईचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजत होतो. ती ओकायची, तिला जुलाब व्हायचे. तिची टाळू खोल गेली. मांडीची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. रडण्याला आवाज उरला नव्हता, नुसतं तोंड उघडायची. मी एकदा चोरून तिला कोरड्या छातीला लावली तर तुम्ही हाताला धरून मला झोपडीबाहेर काढलंत आणि म्हणालात, तुला लेक नको झालीय काय? सबंध जन्मात तुम्ही मला पुष्कळ बोललात. तेवढं एक मला लागलं.

त्याच दिवसांत मागच्या रांगेतलं एक तान्हं गेलं. तापानं गेलं असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही असेल. पण त्याच्या आईनंही तुमचं ऐकून छाती बांधली होती. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. सुताचं गाठोडं सोडलंत, परत बांधलंत, परत सोडलंत.

आपण ज्या रानात पडलो होतो ते रान ज्यांचं, त्यांची सून रोज म्हशीचं दूध घेऊन झोपड्यांकडं यायची. माझ्याच वयाची. मी तिला वैनी म्हणायचे. तिच्या कडेवर तिचं पोरगं असायचं, गुबगुबीत, गळ्यात काळा दोरा, आईच्या डोक्यावरचा पदर ओढणारं. एके दिवशी ती दारात टेकली, तिनं माझ्या मांडीवरची पोर बघितली आणि दुधाची कासंडी खाली ठेवली. काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तुम्ही आत बसून सगळं ऐकत होता. वैनीनं दंडावरची चोळी वर सारली. टोचणीचा व्रण होता, माझ्यासारखाच. ती तुम्हाला म्हणाली, "मीबी टोचून घेतलंय, मावशी. त्याच दिवशी. माझं पोरगं बघा की."

तुम्ही बघितलंत. उठून जवळ आलात, त्या पोराची मांडी दाबून बघितलीत, त्याचे डोळे उघडून बघितलेत, सूत घेताना त्याला पीळ बरोबर आहे का बघतात तसं. मग माझ्या मांडीवरच्या पोरीकडं बघितलंत. वैनी आणखी बोलत होती, की म्हशीला रेडकू दाखवल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, आणि तुम्ही बाईपासून पोर लांब ठेवून दूध आटलं म्हणता. दुसरी कुणी तुम्हाला असं बोलली असती तर तिची कासंडी रस्त्यात गेली असती. तुम्ही माझ्या पोरीच्या अंगावरचं फडकं सारखं करत राहिलात. मी तुमच्याकडं बघायचं टाळलं, कारण तुमचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून निघालात आणि मला म्हणालात, पोर घे. आपण वैनीच्या घरी गेलो. आपण जानवं घालणाऱ्यांच्या घरच्या. पाणीसुद्धा आपल्या तांब्यातलं घेऊन फिरणाऱ्या. रानातल्या घरची शिजलेली भाकरी आपल्यात चालत नसे, आणि तुम्ही तर त्या बाबतीत वाघीण. तुम्ही अंगणात उभ्या राहून वैनीच्या सासूला सांगितलंत, तुमच्या सुनेनं आमच्या पोरीला पाजावं. हात जोडून सांगितलंत. म्हातारी उन्हात बसून शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली, तुमच्या हातातला तांब्या बघितला आणि म्हणाली, "दूध चालतंय, आन् आमची भाकरी चालत न्हाय व्हय? दूध म्हंजे तरी काय, भाकरीचंच पाणी की."

मला वाटलं, संपलं आता. ही माझी सासू पाठ फिरवणार आणि माझी पोर जाणार. मी वैनीकडं बघितलं, वैनी जमिनीकडं बघत होती. आणि तुम्ही तो तांब्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलात, ओट्यावर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, वाढा. म्हातारीनं जोंधळ्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. तुम्ही सगळी भाकरी खाल्लीत. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं ते पुसलं नाहीत. आणखी मागून घेतलीत. तुम्ही खात होता तेव्हा आत वैनीनं माझ्या पोरीला मांडीवर घेतलं होतं, आणि पोरीला ओढायचा दम नव्हता, तर तिनं हातानं दाबून धार तिच्या तोंडात सोडली. पोरीनं गिळलं. गिळल्याचा आवाज मला उंबऱ्यापर्यंत आला. आत्याबाई, त्या आवाजासारखं गाणं मी पुढं कुठल्या देवळातसुद्धा ऐकलं नाही.

पण तुम्ही तेवढ्यावर गप्प बसणाऱ्या नव्हता. वाटेत म्हणालात, लोकाच्या दुधावर पोर जगेल, पण तू जगणार नाहीस, तुझं आलं पाहिजे. मी पोरीला लावून बघत होते. ती दोनदा ओढायची, काही मिळेना म्हणून किंचाळून मान फिरवायची. आटलेल्या छातीला पोर ओढत नाही, आणि ओढल्याशिवाय दूध येत नाही. असा तो पेच. तुम्ही झोपडीच्या तोंडाशी बसला होता. समोर पाण्याचं गाडगं होतं, त्यात पोरीचं फडकं भिजत टाकलेलं, त्याचं एक टोक काठावरून बाहेर लोंबत होतं आणि त्या टोकावरून पाणी थेंब थेंब खाली पडत होतं. तुम्ही बराच वेळ ते बघत राहिलात. मग एकदम हसलात. आठवतं तुम्हाला? म्हणालात, रंगाच्या हंड्यात लड भिजत घातली आणि टोक काठाबाहेर राहिलं की जमीन लाल होते, आणि मी जन्मभर त्यासाठी पोरींना शिव्या दिल्या.

तुम्ही गाठोडं सोडलंत. खळ न लावलेलं सूत काढलंत, चार पदरी पीळ दिलात, उकळत्या पाण्यातून काढलंत. वाटीत म्हशीचं दूध, पाणी घालून कोमट केलेलं. सुताचं एक टोक वाटीत बुडवलंत, दुसरं माझ्या खांद्यावरून खाली, थेट पोरीच्या ओठापाशी आणून ठेवलंत. वाटी माझ्या खांद्याच्या वर धरून तुम्ही बसलात आणि दूध त्या सुतावरून उतरायला लागलं. पोरीला वाटलं, आईचंच येतंय. ती ओढायला लागली. थेंब जास्त झाला की तुम्ही सूत चिमटीत दाबायचात, तिनं ओढायचं थांबवलं की चिमटी सोडायचात, आणि तोंडातल्या तोंडात मोजायचात, ओंदु, एरडु, मूरु, ताण्याचे धागे मोजावे तसं. तुम्ही आमच्याशी मराठी बोलायचात, देवाशी मराठी बोलायचात, पण मोजायचात मात्र कन्नडमध्येच. मी निपाणीकडची पोर, मला त्याचं लई हसू यायचं. त्या दिवसांत नाही आलं. सकाळी, दुपारी, दिवे लागायच्या वेळी, तुम्ही वाटी धरायचात आणि मी भिंतीला टेकून बसायचे. मधल्या वेळेत वैनी येऊन पोरीला एकदा पाजून जायची. हात अवघडला तरी तुम्ही वाटी दुसऱ्या कुणाला दिली नाहीत. तुमचा लेक एकदा म्हणाला, मी धरतो. तुम्ही त्याला म्हणालात, तुला मागावरचा धोटा नीट धरता येत नाही, वाटी काय धरतोस.

मग ती दुपार. ऊन तट्ट्यांतून अंगावर पडलेलं. पोर ओढत होती, घोट घोट गिळत होती, मी डोळे मिटून बसले होते. तुमचं मोजणं थांबलं होतं. मी म्हटलं, दूध संपत आलं असेल, वाटी भरा आत्याबाई. मी डोळे उघडले. वाटी जमिनीवर ठेवलेली होती. भरलेली. सूत तुमच्या मांडीवर गुंडाळून पडलं होतं, कोरडं. आणि पोर गिळतच होती. तुम्ही माझ्यासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता आणि तुमच्या तोंडावर असा आनंद होता की मी आधी घाबरले आणि मगच मला कळलं. तुम्ही म्हणालात, "कवाच काढलं मी सूत. तुझंच पितीया ती."

मला रडू आलं. तुम्ही म्हणालात, रडू नको, हलू नको, पिऊ दे. आणि तुम्ही स्वतःच रडलात, मोठ्यानं, तोंडात पदर न घालता.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याला छाती लागते. पोरीचं पिऊन झालं, तुम्ही डोळे धुतलेत आणि दोन रांगांच्या मध्ये मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिलात. भरदुपारी, बायाबापे सगळे असताना. हाका मारून बायकांना बाहेर बोलावलंत. मी पोर घेऊन दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, "टोचलेल्या बाईचं दूध नासतं असं म्या सांगितलं हुतं. ते खोटं हाय. मी चुकले. पोरं छातीला लावा. आन् जिचं आटलंय तिनं माझ्याकडं यावं."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीनं तुम्हाला बोटं मोडून शिव्या दिल्या. तुम्ही ऐकून घेतल्यात, मान खाली न घालता. पण दुसऱ्या दिवशी आपल्या झोपडीसमोर बायका आल्या, मांडीवर वाळलेली पोरं घेऊन. तुम्ही तुमच्या लेकाला आणि शेजारच्या बाप्यांना झोपडीतून हाकललंत, पत्ते तिकडं झाडाखाली कुटा म्हणालात, आणि दोन झोपड्यांमधली तट्टी काढून एक मोठी जागा केलीत. वैनी बायकांना दूध यावं म्हणून हुलग्याचं पातळ माडगं मोठ्या गाडग्यात आणायची, तिची सासू शेंगा, गूळ पाठवायची. विणकरांच्या सुना, दुकानदारांच्या सुना, कुणाची शिवाशीव काय आणि कुणाची काय, सगळ्या एका भिंतीला टेकून बसल्या. प्रत्येकीच्या खांद्यावरून एक एक सूत. जिला जास्त यायचं ती दुसरीच्या पोराला घ्यायची. एखादीनं हाय खाल्ली की आता काही येत नाही, तर तुम्ही तिच्यापाशी बसून तिची पाठ चोळायचात आणि तिच्या सासूला बाहेर जाऊन धुणं धू म्हणून सांगायचात. सासवांचं तोंड लांब असलं की दूध वर चढतं, असं तुम्ही म्हणायचात. सासू असून!

मागच्या रांगेतली ती बाई, जिचं तान्हं गेलं होतं, तीही एके दिवशी आली. ती म्हणाली, माझं अजून येतंय, कुणाला पाहिजे? तुम्ही तुमच्याहून कितीतरी लहान असलेल्या त्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवलंत. तिनं तुम्हाला उठवलं आणि कोपऱ्यातलं सगळ्यांत अशक्त पोर मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून ती रोज येत राहिली.

सगळ्यांचं आलं असं नाही. दोघी-तिघींचं नाहीच आलं. त्यांच्या पोरांना बाकीच्यांनी वाटून घेतलं. पण तुम्ही वाटी हातात धरल्यावर त्या माळावरचं एकही पोर उपाशी राहिलं नाही. हे मी देवासमोर सांगेन. पलेग ओसरला, परत जायचं ठरलं, तेव्हा वैनीच्या सासूनं माझी ओटी भरली आणि पोरीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. आपण शहापूरच्या वेशीतून आत आलो तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या पुढं होता, पोर तुमच्या खांद्यावर, तिचे गाल वर आलेले. घरी आल्यावर आधी मागाचा खड्डा चुन्यानं सारवलात आणि मग ते अर्धं राहिलेलं लुगडं पुरं करून वैनीला धाडलंत. वैनीचा पोरगा माझ्या लेकीचा दूधभाऊ. दर भाऊबीजेला तो येतो, अजून येतो, आता त्याच्याही मिशा पिकल्या. आपल्या घरात तो आपल्या पंगतीला जेवतो. पहिल्या वर्षी कुणीतरी कुजबुजलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, मी त्याच्या घरी ठेचा खाल्लाय, तुम्ही काय खाल्लंय?

आता निपाणीचं. मी आले तेव्हा घरात दुधाच्या पावडरीचा डबा आणलेला होता. दवाखान्यातली नर्स बाई चांगली आहे; ती म्हणाली, आजी, डबा राहू दे हाताशी, पण तुम्ही लावत राहा, मी रोज येऊन बघते. मी नातीला भिंतीकडून वळवलं, पाठीला उशी दिली, सूत उकळलं आणि वाटी तिच्या खांद्यावर धरून बसले. माझा हात आता थरथरतो. पोर ओढायला लागलं आणि मी मोजायला लागले, ओंदु, एरडु, मूरु. दहाच्या पुढचं मला येत नाही, म्हणून परत ओंदुपासून. नात म्हणाली, आजी, कसला मंत्र म्हणतेस? म्हटलं, तुझ्या पणजीचा. आणि काल, पोर गिळत असताना, मी सूत हळूच काढून घेतलं. वाटी खाली ठेवली. तुमच्यासारखेच दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्यासमोर बसले, तिनं डोळे उघडायची वाट बघत. तेवढा मान मी कुणाला दिला नसता, आत्याबाई. तो आपल्या घराण्यातला आहे.

मला लिहायला तुमच्या नातीनंच शिकवलं, शाळेत जायला लागली तेव्हा, मी सुताच्या कांड्या भरत बसलेली असताना. म्हणून हे लिहितेय. पण हा कागद कुठं धाडणार? लिहून झाला की ह्याची सुरळी करते आणि उरलेलं सूत तिच्यावर गुंडाळून लेकीच्या ट्रंकेत ठेवते. सुताला गाभा लागतोच काहीतरी.

एकच राहिलंय. काल सगळ्या घराला मी तुमची गोष्ट सांगितली. माळ सांगितला, वाटी सांगितली, माडगं सांगितलं. पण दूध कशानं आटलं होतं ते नाही सांगितलं. म्हटलं, पलेगात बायकांचं आपोआप आटत होतं आणि पणजीला उपाय आधीपासूनच ठाऊक होता. मला वाटलं, तुमचा मान राखतेय. सगळ्यांनी वाहवा केली. नात मात्र पोराच्या डोक्यावरून हात फिरवत हळूच म्हणाली, "पणजीला सगळंच येत होतं. मलाच मेलीला काही येत न्हाय." तेव्हापासून मला चैन नाही. तुम्ही भरदुपारी माळावर उभ्या राहून जे बोललात, ते मी चार माणसांत झाकून ठेवलं.

पोर उठलंय, आवाज येतोय. जाते. आज वाटी धरायची गरज नाही, नुसतं तिच्याजवळ बसायचंय, आणि बसल्या बसल्या सांगायचंय की तुझी पणजी आधी चुकली होती.